तांबड्या पट्टीचा कॅन

तळ्याच्या वाडीला तळं नाही. कधी होतं असंही कुणी सांगत नाही. सांगोल्याहून पश्चिमेला निघालं की डाळिंबाच्या बागा संपतात, मग बाभळी लागतात आणि बाभळीही कंटाळल्या की वाडी लागते. या वाडीतल्या शेळ्यांच्या दुधाचं पुण्यात चॉकलेट होतं, हे दोन वर्षं झाली तरी वाडीला खरं वाटत नव्हतं. गाडी रोज दूध नेई, पैसे बँकेत पडत, तरी बिरोबाच्या देवळापुढं बसलेली माणसं म्हणत, "ह्यात कायतरी भानगड असणार."

भानगड नव्हती, भागीदारी होती. कंपनीच्या सुकन्याताई महिन्यातून एकदा येऊन हेच समजावत. "तुम्ही दूध विकणारे नाही, आम्ही विकत घेणारे नाही. आपण भागीदार." केरळातल्या डोंगरात कोको पिकवणारे शेतकरीही असेच भागीदार होते. त्यांना कोकोचा न्याय्य भाव, वाडीला दुधाचा. चॉकलेटच्या वेष्टनावर एका बाजूला तिकडचा एक कोकोवाला छापला होता आणि दुसऱ्या बाजूला केराबाई. कोकोवाला लुंगी नेसून हसत होता. केराबाईलाही हसायला सांगितलं होतं, पण तिच्या पुढच्या दोन दातांची जागा रिकामी. तिनं पदर तोंडाला लावला, आणि फोटोवाल्याला नेमकं तेच आवडलं.

"ह्यो कोण बाबा?" वेष्टन उलटून तिनं विचारलं होतं.

"तुमचा भागीदार, मावशी."

"त्येला म्हाईत हाय का?"

दूध गार करायचं यंत्र केराबाईच्या अंगणात बसवलं होतं, कारण छपरावर ऊन भरपूर आणि तिचा नवरा धुळाप्पा वाडीचा माजी उपसरपंच. सकाळी बायका किटल्या घेऊन यायच्या. केराबाईची सून प्रियंका माप घ्यायची आणि दूध कॅनमध्ये ओतायची. कॅन दोन, एकाला हिरवी पट्टी, एकाला तांबडी. हिरवा आधी भरायचा. तांबड्यात केराबाईचं दूध जायचं, कारण घरचं माणूस शेवटी बसतं, आणि मनकर्णाचं. मनकर्णा ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. तिची चार शेरडं. सगळ्यांत लवकर ती यायची आणि तिचा नंबर शेवटी लागायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. वाडीत असल्या गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत.

कंपनीचे नियम सोपे होते. हात धुवा. कास पुसा. एक सड करडाला सोडा. आणि धारेच्या वेळी बोकड जवळ नको, कारण शेळीच्या दुधाला बोकडाचा वास चटकन लागतो. या शेवटच्या नियमाला बायका पदरात हसल्या होत्या. जन्म शेरडांमागं गेलेल्या बायांना ही पुण्याची पोर शेरडं शिकवत होती. पण भाव चांगला होता, म्हणून हसून झाल्यावर सगळ्यांनी आपापले बोकड विकले.

एक राहिला. तो कुणाचा नव्हता, देवाचा होता. केराबाईचा मुलगा शहाजी टेम्पोसकट घाटातल्या दरीत गेला आणि टेम्पो सोडून वर आला, तेव्हा धुळाप्पानं बिरोबाला बोकड बोलला आणि कानाला भंडारा लावून एक करडू मोकळं सोडलं. आता ते वासराएवढं झालं होतं. देवाच्या बोकडाला बांधायचं नाही, मारायचं नाही, हाकलायचं नाही. त्यानं कुणाच्या मक्यात तोंड घातलं तर ते मक्याचं भाग्य. जत्रेला त्याचं काय व्हायचं ते ठरलेलं होतं, फक्त त्याला माहीत नव्हतं.

रोज सकाळी उठल्यावर केराबाई पहिल्यांदा त्याच्यापाशी जायची. शिंगांच्या बुडाशी बोटांनी भंडारा चोळायची, कपाळावरून तळवा फिरवायची, हात जोडायची आणि मग धारेला बसायची. हात ती नियमानं धुवायची. पण आधी धुवायची, देवाला हात लावायचा म्हणून.

त्या साली पाऊस श्रावणात गेला तो परतला नाही. मक्याची कणसं दाणा न धरताच वाळली. कंपनीकडं मात्र दिवाळीच्या खोक्यांची मागणी वाढत होती. आणि पितृपंधरवड्याच्या सुमाराला देवाचा बोकड माजावर आला. दिवसभर ओठ वर करून हवा हुंगायचा, आपल्याच दाढीवर मुतायचा आणि तेच तोंड घेऊन अंगणात येऊन बसायचा.

सुकन्याताई त्या महिन्यात वेळेआधीच आल्या. चहा नको म्हणाल्या. चॉकलेटची एक वडी त्यांनी बायकांमध्ये फिरवली.

"वास घेऊन बघा."

वडी नाकानाकांतून फिरली. शेवटी बायकांतली चंद्रिका म्हणाली, "ह्येला काय हुंगायचं? बोकड हाय."

"ग्राहकांनी परत पाठवलंय," सुकन्याताई म्हणाल्या. "आम्ही तपासलं. हिरव्या पट्टीचं दूध चांगलं आहे. तांबड्याचा प्रश्न आहे."

सगळ्यांच्या माना आधी केराबाईकडं वळल्या आणि तिथं न थांबता मनकर्णाकडं गेल्या.

"मावशी, तुमच्याकडे बोकड आहे का?" सुकन्याताईंनी केराबाईला विचारलं.

"आमच्यात बोकड न्हाय, ताई," धुळाप्पा बाजेवरून म्हणाला.

हे खरंच होतं. देवाला सोडलेलं जनावर घरात मोजत नाहीत. पशुगणनेला आलेल्या माणसानंही ते धरलं नव्हतं. देवाचा पुजारी बिरप्पा तिथंच तंबाखू मळत होता, त्यानंही मान हलवली. बोकड त्या वेळी ओढ्यात कुठंतरी देवाच्या कामाला गेलेला होता.

केराबाईनं सवयीनं पदर तोंडाशी नेला, वेष्टनावरच्या फोटोसारखा. पदराबरोबर हात नाकाशी आला, आणि तिला वास आला.

ती तशीच राहिली. हात खाली घ्यावा तर कुणाला येईल, वर ठेवावा तर तिला येत होता.

"आणि मनकर्णामावशी, तुमच्याकडे?"

"माज्याकडं कुटला बोकड? चार शेरडं, चारी बायका."

"तुमच्या वस्तीत लई हायती की," मागून कुणीतरी म्हणालं.

"वस्तीत असत्याल. माज्या दावणीला न्हायती."

"त्येंच्यात काय, कायबी खात्यात जनावरं बी," तोच आवाज म्हणाला, आणि बाजेकडून कुणीतरी हसलं.

सुकन्याताईंचा चेहरा अवघडला. त्या शिकलेल्या होत्या, हसण्याचा अर्थ त्यांना कळत होता. पण दिवाळी जवळ आली होती. "हे बघा, कुणावरही आरोप नाही. फक्त तपास होईपर्यंत मनकर्णामावशींनी भागीदारीत थोडा विराम घ्यावा."

"इराम म्हंजी काय करायचं?"

"म्हणजे... दिवाळीपर्यंत तुमचं दूध नको."

"आसं सांगा की सरळ."

मनकर्णानं एकदा केराबाईकडं पाहिलं. केराबाई यंत्राखालच्या सिमेंटच्या चौथऱ्याकडं बघत होती, जणू तो आजच बांधलाय. मनकर्णा उठली. किटली रिकामी होती, तरी तिनं ती दोन्ही हातांनी धरून नेली.

दुसऱ्या दिवसापासून केराबाईनं आधी धार काढली आणि मग देवाला भंडारा लावला. हात राखेनं घासले, चिंचेनं घासले, शहाजीनं आणलेल्या वासाच्या साबणानं घासले. तांबड्या कॅनचं दूध स्वच्छ झालं. सुकन्याताईंचा फोन आला, आता वास अजिबात नाही. प्रियंकानं ते बायकांना सांगितलं.

"बगा," चंद्रिका म्हणाली. "ती गेली आन् वास गेला."

केराबाईच्या हातातून झाकण खाली पडलं, ते गोल फिरत अंगणभर वाजत गेलं. इतका धडधडीत पुरावा वाडीला आजवर कशाचाच मिळाला नव्हता.

चार दिवसांनी बाभळीच्या शेंगा झोडायला ती ओढ्याकाठी गेली. शेंगांवर शेरडं दूध धरतात. हे काम दोघींचं, आणि त्या वर्षानुवर्षं एकत्र करत आलेल्या. एकीनं आकडीनं फांदी ओढून धरायची, दुसरीनं शेंगा ओरबाडायच्या. मनकर्णा आधीच तिथं होती. लांब बांबूची आकडी तिचीच. केराबाईनं फांदी धरली. काटे मनगटात शिरत होते. वरून कोवळ्या शेंगांबरोबर धूळ, मुंग्या, वाळका पाला पडत होता. दोघींच्या अंगाला घाम आणि घामाला धूळ.

"तुला कशाला पायजेत शेंगा?" बोलायचं म्हणून केराबाई बोलली आणि बोलल्यावर तिला कळलं. "दूध तर घालत न्हाईस."

"शेरडं खात्यात. त्यास्नी इराम न्हाय."

फांदी सुटली आणि केराबाईच्या डोक्याला लागून वर गेली. तिनं पदर सारखा केला. मनकर्णा म्हणाली, "तू तिकडनं धर. वारं हिकडनं हाय."

केराबाई समजायचं ते समजली. वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन उभी राहिली.

"तुला ठावं हाय तर मग," ती म्हणाली.

"माज्या शेरड्या त्याच बोकडाकडं आणती मी. त्येचा वास मला कळणार न्हाय?"

"मग तवा बोलली का न्हाईस?"

मनकर्णानं शेंगांचा ओचा पोत्यात रिकामा केला. "मी बोलून? मी देवाच्या बोकडाचं नाव घ्यायचं, तुज्या दारात, बिरप्पाच्या म्होरं? दूध ऱ्हायलं असतं बाजूला, मलाच हुंगत बसली असती सगळी. तू बोलायचं हुतंस."

"बोलीन की."

"कवा?"

"एवढी दिवाळी हू दे."

"बरं," मनकर्णा म्हणाली. पुन्हा आकडी उचलली. "बुद्धप्रियाला सांगितलंय, दिवाळीला येऊ नगं म्हणून. बार्शीतच ऱ्हा, हॉस्टेलात. हितं काय हाय. नर्सिंगची फी भरायची तर शेरडी इकावी लागंल एक. कंची इकू ते तूच सांग."

चारींतली एक शेरडी केराबाईच्याच कळपातली होती. मनकर्णाची लेक बुद्धप्रिया जन्मली तेव्हा त्या शेरडीची आजी केराबाईनं भेट दिलेली. पोतं भरलं तेव्हा मनकर्णानं नेहमीसारखे दोन वाटे केले, नेहमीसारखा मोठा केराबाईकडं ढकलला. तो डोक्यावर घेताना केराबाईची मान पहिल्यांदाच दुखली.

घरी आल्यावर तिनं धुळाप्पाला सांगितलं. तो भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत होता.

"मी ताईला सांगणार हाय. वास माज्या हातानं लागला."

"सांग की. मग यंत्र जाईल शेजारच्या कुंभारी गावाला. वेष्टनावरचं तुजं त्वांड जाईल. वाडी म्हणंल, धुळाप्पाच्या बायकूनं देवाला नाव ठिवलं."

"मनकर्णीचं काय?"

"त्या लोकास्नी सरकार असतंय," धुळाप्पा म्हणाला आणि तुकडा तोंडात घातला. सरकारनं त्याला स्वतःला विहीर, घरकुल आणि उपसरपंचपद दिलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी पुण्याहून पाहुणे यायचे होते. दोघं मोठे खरेदीदार, एक कॅमेरावाला. भागीदारीवर एक छोटी फिल्म करायची होती. केरळातल्या कोकोवाल्याची झाली होती, आता केराबाईची. सकाळपासून अंगण शेणानं सारवलं. प्रियंकानं रांगोळी काढली. आणि बोकड आला, रांगोळीवर बसला.

केराबाईनं इकडंतिकडं पाहिलं. मग तिनं जे केलं ते वाडीत आजवर कुणी केलं नव्हतं. देवाच्या बोकडाच्या गळ्यात दावं घातलं, त्याला ओढत मागच्या न्हाणीत नेलं आणि पत्र्याचं दार लावून बाहेरून दगड लावला. आतून शिंगांचा एक धक्का आला. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. पाप एकदा सुरू झालं की त्यालाही संसारासारखं एकामागून एक सामान लागतं.

पाहुणे आले. त्यांना सगळं आवडलं. ऊन आवडलं, शेणाचा वास आवडला, धुळाप्पाचा फेटा आवडला. केराबाईला धारेला बसवून कॅमेरा तिच्या हातांवर आला.

"या हातांत किती माया आहे बघा," एक खरेदीदार म्हणाले.

केराबाईचे हात धारेवर थांबले. शेळीनं वळून पाहिलं.

तेवढ्यात मनकर्णा अंगणात शिरली. दाव्याला एक शेरडी होती. शेरडी शेपूट हलवत सारखी ओरडत होती. इतकी माणसं बघून मनकर्णा थबकली. परत फिरावं असं तिच्या चेहऱ्यावर आलं. पण शेरडीचा माज पाहुणे जाईपर्यंत थांबत नाही. यंदा गाभण राहिली नाही तर पुढच्या उन्हाळ्यातही किटली रिकामीच.

"माजावर आलीया," ती कुणाकडंच न बघता म्हणाली. "बोकड कुटं हाय?"

"कसला बोकड?" धुळाप्पा म्हणाला. "हितं बोकड न्हाय. जा, मागनं ये."

सुकन्याताईंनी वर पाहिलं. बिरप्पानं तंबाखूची चिमूट तशीच धरून ठेवली. मनकर्णानं शेरडीचं दावं हाताला एक वेढा घेऊन आवळलं आणि वळली.

"थांब," केराबाई म्हणाली.

ती उठली. हातातली चरवी तिनं प्रियंकाकडं दिली, मागं गेली, आणि दगड सरकल्याचा आवाज आला. पत्र्याचं दार आपटलं. गळ्यात दाव्याचा तुकडा घेऊन देवाचा बोकड अंगणात आला, आणि त्याच्या आधी त्याचा वास आला. खरेदीदारांनी रुमाल काढले. कॅमेरावाला दोन पावलं मागं गेला आणि रांगोळीत बसला.

"देवाला बांदलं हुतंस?" बिरप्पा म्हणाला. त्याचा आवाज पुजाऱ्याला शोभत नव्हता, पोरासारखा आला.

"व्हय. मीच बांदला." केराबाई सरळ सुकन्याताईंपुढं गेली. जाताजाता तिनं बोकडाच्या शिंगांच्या बुडाशी तळवा घासला, रोज घासायची तसा. मग तो तळवा ताईंच्या नाकापुढं धरला. "हुंगा. तुमच्या चाकलेटाचा वास. मनकर्णीचा न्हाय, माजा हाय. रोज ह्येला हात लावून धारंला बसत हुते. तवाच कळलं हुतं मला. बोलले न्हाय."

सुकन्याताईंनी वास घेतला. त्यांचे डोळे एकदा मनकर्णाकडं गेले, एकदा खरेदीदारांकडं. खरेदीदारांपैकी एकजण रुमालातून म्हणत होते, "काय विधी आहे हा? फारच सुंदर. हे घेतलंत ना शूट?"

सुकन्याताई केराबाईच्या कानाशी आल्या. "मावशी, खोकी छापून झालीत. तुमचा फोटो आहे त्यांच्यावर. आत्ता हे नको." त्यांचा आवाज खाली गेला. "एवढी दिवाळी होऊ द्या."

केराबाईनं त्यांच्याकडं बघितलं. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. ओढ्याकाठी बाभळीखाली ते तिच्याच तोंडून निघाले होते. भागीदारी म्हणजे काय ते तिला त्या वेळी पहिल्यांदा नीट कळलं.

अंगणात शेरडीचं काम झालं होतं. मनकर्णानं रिवाजाप्रमाणं बोकडाला मूठभर जोंधळे टाकले, दावं सोडवलं आणि निघून गेली. पाहुण्यांनी तिच्याकडं पाहून हात जोडले. कॅमेरा त्या वेळी बंद होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता केराबाईनं आपल्या शेरडांची करडं सोडली. करडं एकदम कासांना भिडली, दोन्ही सडांना, ढुशा देत. नियम एकाच सडाचा होता. प्रियंका दारात येऊन बघत राहिली.

"आत्या, आन् आपलं दूध?"

"आपल्याला इराम."

तिनं तांबड्या पट्टीचा रिकामा कॅन उचलला. धुळाप्पा बाजेवर उठून बसला होता. "कुटं निघालीस? अगं ए. वाडी बगतीया."

वाडी खरंच बघत होती. किटल्या घेऊन येणाऱ्या बायका वाटेवर थांबल्या. कॅन कमरेवर घेऊन केराबाई त्यांच्यातून गेली, देवळावरून गेली, ओढा उतरली. इतक्या वर्षांत ती ओढ्यापर्यंत हजारदा आली होती. पलीकडं चढताना वाट कुठून आहे ते तिला शोधावं लागलं.

मनकर्णा दारात शेरडीची धार काढत होती. तिनं कॅनकडं पाहिलं, मग केराबाईकडं.

"ताई व्हय म्हणाली?"

"न्हाय. ती म्हणती दिवाळी हू दे."

"मग?"

"मग मी आले. ह्यात तुजंच दूध घाल. पयल्यांदा गाडीत हेच चढंल. न्हाय चढलं तर माजं यंत्र त्यांनी न्यावं." तिनं कॅन खाली ठेवला, झाकण काढलं आणि किटलीला हात घातला. "आण हिकडं. वतते मी."

"थांब." मनकर्णानं किटली मागं ओढली.

दोघींच्या मध्ये किटली राहिली. वस्तीतली दोन माणसं चूळ भरता भरता थांबली.

मनकर्णा उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. केराबाईपुढं उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली.

"आदी हात धू."

"धुतल्यात घरनं."

"परत धू."

केराबाई खाली बसली. दोन्ही हात तिनं ओंजळीसारखे पुढं केले, आणि मनकर्णानं वरून, तांब्या न टेकवता, पाणी सोडलं.